खोलीचा आवाज

वहिनी कामाच्या खोलीत येईल तेव्हा येईल, तोवर आपण गप्प बसू, अशी बारकीने मनाची समजूत घातली होती. दादा गेल्यापासून वहिनी त्या खोलीकडे फिरकलीच नव्हती, आणि बारकीला ते बरंच होतं. चोराच्या मनात चांदणं! पण त्या दुपारी वहिनी चहाचे कप घेऊन आपणहून आत आली, कोपऱ्यातल्या दादाच्या स्टुलाकडे न बघता खाली बसली आणि म्हणाली, "बारके, काम सुरू करू या. काय करायचं ते मला कळलंय."

"काय करायचं?"

"तुझ्या दादाचा आवाज. तो मागे बसून घूं घूं करायचा ना, ते आपल्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये असणार. ते तेवढं वेचून काढायचं. बाकी काही नको. नळ नको, दार नको. फक्त तो."

"हो की," ती म्हणाली. "बघते." दुसरं काय म्हणणार, कप्पाळ?

आता ही बारकी म्हणजे नावाचीच बारकी. चाळिशी ओलांडलेली, अंगाने चांगली भरलेली, पण तीन भावंडांत शेंडेफळ म्हणून बारकी ती बारकीच राहिली. मधली बहीण लग्न करून लांब गेली, बारकी भावाच्या घरात राहिली. वहिनी एका डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होती. तिनेच बारकीला तिथे एडिटिंगला चिकटवलं. दिवसभर लोकांचे आवाज लोकांच्या तोंडांवर बसवायचे, आणि घरी आल्यावर आपलं खरं काम. खरं काम म्हणजे काय, हे शेजाऱ्यांना कधी कळलं नाही. कपाटाचं दार कुरकुरतं ते रेकॉर्ड करायचं. ओला टॉवेल दोरीवर ठिबकतो ते करायचं. कामाच्या खोलीचं दार उघडून बाहेरच्या लोखंडी जिन्याकडे माइक वळवून वरच्या मजल्यावरून कोण उतरतंय ते करायचं. मग ते कापायचं, ताणायचं, एकावर एक रचायचं, आणि त्यातून असं काहीतरी काढायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर आपलंच घर, मग आपण आजवर ऐकलं कसं नाही?

नणंद-भावजयीचं पटत नाही ही जगरहाटी. यांचंही पटायचं नाही. पण या दोघी भांडायच्या त्या गळक्या नळावरून. वहिनी आवाज गोळा करणारी, तिला एक थेंब टाकवायचा नाही. बारकी कापणारी, तिला सगळंच जास्त वाटायचं. "तुझ्या हातात कात्री म्हणजे माकडाच्या हातात कोलीत," वहिनी म्हणायची. ऐकायला बसायच्या त्या पाठीला पाठ लावून. समोरासमोर बसलं की माणूस दुसऱ्याचा चेहरा वाचतो आणि कान आळशी होतो, हे वहिनीचं म्हणणं. आवडलं नाही की कोपराने ढोसायचं, आवडलं की गप्प राहायचं. बारकीला वहिनीच्या पाठीवरून सगळं कळायचं. चेहऱ्यावरून कळलं नसतं इतकं.

वहिनीचा आणखी एक कडक नियम होता: एका आवाजाची एकच प्रत. दुसरी प्रत ठेवली की जीव लावून ऐकणं संपलं, असं ती म्हणायची. चुकलं तर चुकलं, गेलं तर गेलं. तेव्हा तो नियम किती भारी वाटायचा! बारकी तो चारचौघांत मिरवायची.

आणि दादा? दादा मोटर वाइंडिंगचं काम करायचा. जळलेले पंखे, पंप, मिक्सर घरी आणायचा आणि कामाच्या खोलीच्या कोपऱ्यात स्टूल टाकून तांब्याची तार गुंडाळत बसायचा. दुसरी खोली रिकामी असायची, पण नाही, याला तिथेच बसायचं. "लोकांच्या घरी नळ गळला की प्लंबर बोलावतात," तो म्हणायचा, "आमच्याकडे माइक आणतात." म्हणायचा आणि आपणच खो खो हसायचा. पण माइक त्याच्याकडे वळवला, की गडी मुका. तोंड शिवल्यासारखा. वहिनीने किती वेळा विनवलं, "अरे, एक वाक्य बोल. नाव सांग. शिवी दे." छे! कान लाल करून पसार. फोनवरसुद्धा तो हं आणि हूं यापलीकडे गेला नाही. मेसेजला अंगठा. त्यामुळे माणूस गेला आणि मागे बोललेला एक शब्द राहिला नाही.

राहिली होती ती गुणगुण. खिडकीबाहेर रस्त्याच्या कडेला विजेचा ट्रान्सफॉर्मर होता. तो बारा महिने एकाच सुरात घूं करायचा. दादा तार गुंडाळायला लागला की नाकातून त्याच्याबरोबर घूं करायला लागायचा. त्याचं त्याला कळायचंही नाही. घरात त्याला सगळे चिडवायचे, "बाहेरचा एक आणि घरातला एक." प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी थोडा वेळ रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायची पद्धत असते. कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, खोली एकटी असली की कशी वाजते ते नुसतं घ्यायचं. त्या वेळी वहिनी डोळे वटारायची. दादा तोंडावर बोट ठेवून मान डोलवायचा, आणि दोन श्वासांनी पुन्हा नाकातून घूं. आधी आधी त्या थांबवायच्या. मग सोडून दिलं. मग ऐकू यायचंच बंद झालं. भिंत ऐकू येते का कुणाला?

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं वाईट आहे.

एका कलादालनाने दोघींना बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा. एक अख्खी अंधारी खोली त्यांच्या घराच्या आवाजांना द्यायची, लोकांनी हेडफोन लावून बसायचं. आणि नेमका तेव्हाच दादा हॉस्पिटलमध्ये. आधी साधा ताप म्हणाले, मग फुप्फुसात पाणी म्हणाले, मग काही म्हणेनासे झाले. वहिनी तिकडे, बारकी इकडे आणि तिकडे. अशात कलादालनवाल्या बाईंचा फोन आला. काम सुंदर आहे, पण मागे सतत एक गुणगुण येतेय, ती तेवढी काढाल का?

बारकीने वहिनीला फोन लावला. तिकडे ट्रॉलीची चाकं वाजत होती, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. "वहिनी, ट्रान्सफॉर्मरचा आवाज काढायचाय. साफ करायला नमुना कुठला देऊ?" म्हणजे असं असतं, की कॉम्प्युटरला एक तुकडा दाखवायचा आणि सांगायचं, बाबा रे, ही घाण. मग तो त्या तुकड्यात जे जे असेल ते ते सगळीकडून पुसून काढतो.

"सुरुवातीची रिकामी खोली घे ना," वहिनी घाईत म्हणाली. "त्यात काही नाही."

बारकीने घेतली. पहिली हाताला लागली ती. आणि लागलेच हात, तर कशाला चार-दोन, सगळंच धुऊन काढू म्हणून घरातली होती नव्हती ती सगळी रेकॉर्डिंग एकदम लावून दिली. कॉम्प्युटर चालू ठेवून डबा घेऊन हॉस्पिटलला गेली. संध्याकाळी परत आली तोवर सगळं लख्ख झालं होतं. साफ केलेलं जुन्याच्या जागी बसलं होतं. एका आवाजाची एकच प्रत.

दादा गेल्यावर घर माणसांनी भरलं आणि ओसरलं. मग एका दुपारी बारकीला राहवेना. दादाला जरा ऐकावं म्हणून तिने कपाटाच्या दाराचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. दार कुरकुरलं. दाराच्या मागे काहीच नव्हतं. तिने टॉवेल लावला, नळ लावला, जिना लावला, खिडकी लावली. रिकामी खोली लावली. ती खरोखरच रिकामी होती. तेव्हा तिला कळलं की आपण काय करून बसलो. तो ट्रान्सफॉर्मरच्या सुरात गायचा, म्हणून ट्रान्सफॉर्मरबरोबर गेला. आपल्या हाताने दादाला झाडून काढला, आणि वर कलादालनवाल्या बाईंची शाबासकी घेतली! त्या दिवशी ती तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली, कारण वहिनी शेजारच्या खोलीत होती.

आणि आता वहिनी म्हणत होती, वेचून काढ.

बारकीने चालढकल केली. आज हार्ड डिस्क अडतेय, उद्या स्टुडिओत जास्तीचं काम आहे. डिस्क घेऊन ती दुरुस्तीवाल्याकडे गेली. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. पुसलेलं परत मिळतं हो, पण त्याच जागेवर नवं लिहिलेलं असेल तर नाही मिळत, ताई. तिघांनी तेच सांगितलं. कलादालनवाल्या बाईंना फोन करून विचारलं, आधी पाठवलेली फाइल आहे का? त्या हसून म्हणाल्या, "अहो, ती गुणगुणवाली? ती केव्हाच काढून टाकली. काळजी नको!"

इकडे वहिनी पालवत चालली होती. हे तर बारकीला सगळ्यात असह्य. दादा गेल्यावर जी बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, ती आता केस विंचरून दारात उभी राहायची. "सापडलं का गं? मला वाटतं जिन्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तो जास्त मोकळा असेल. तेव्हा त्याला सर्दी नव्हती." एकदा म्हणाली, "सगळे तुकडे एकामागे एक लावले ना, तर न थांबता एक अख्खा दिवस तरी होईल गं तो." तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती, की बारकीला सांगायचा धीर झाला नाही. सांगायला हवं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माणूस बुडताना काडी धरतो, तशी बारकीने एक भलतीच काडी धरली.

वहिनी बाजारात गेली असताना ती दादाच्या स्टुलावर बसली. खिडकी उघडली. माइक लांब, नेहमीच्या जागी ठेवला. हातात तांब्याची तार घेतली, आणि नाकातून घूं केलं.

भावाबहिणीचं नाक एक, घसा एक. लहानपणी फोनवर लोकांची फसगत व्हायची. पहिल्याच खेपेला तिच्याच अंगावर काटा आला. तिने ते थोडं खोल केलं, थोडं मऊ केलं, जिन्याच्या रेकॉर्डिंगखाली हलक्या हाताने सरकवलं. टॉवेलखाली सरकवलं. ट्रान्सफॉर्मरचा ताजा आवाज घेऊन तोही परत घातला. काम सुरेख झालं. इतकं सुरेख काम तिने जन्मात केलं नव्हतं, आणि करताना तिला स्वतःची किळस येत होती.

"वहिनी, थोडं मिळालंय," ती म्हणाली.

चहाचे कप बाजूला ठेवून दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. बारकीने बटण दाबलं. जिना वाजला. कुणीतरी चपला फटफटवत उतरलं. आणि मागून, लांबून, घूं.

वहिनीची पाठ एकदम सैलावली. इतकी, की तिचा सगळा भार बारकीच्या पाठीवर आला. डोकं मागे येऊन बारकीच्या डोक्याला टेकलं. "अगं बाई," वहिनी पुटपुटली. "अगं बाई गं." तिचे खांदे हलायला लागले. बारकीने डोळे गच्च मिटले. देवा, एवढं पचू दे. एवढं एकच खोटं पचू दे, परत काही मागणार नाही.

टॉवेल ठिबकायला लागला. घूं चालूच होतं. आणि मग हळूहळू वहिनीची पाठ ताठ होत गेली. आधी खांदे, मग मान. भार उचलला गेला. बारकीला त्या जागी गार वाटलं.

"हे हलत नाहीये," वहिनी म्हणाली.

"काय?"

"हे हलत नाहीये, बारके."

बारकीला क्षणात कळलं, आणि आपण किती मूर्ख हेही कळलं. दोन सूर तंतोतंत जुळले की एक होऊन जातात, सपाट. पण एक जरासा खाली असला, की ते एकमेकांना ढकलत राहतात. आवाज फुगतो, ओसरतो, फुगतो, ओसरतो. दादाचा सूर जन्मात कधी लागला नाही. तो ट्रान्सफॉर्मरच्या केसभर खाली असायचा, आणि त्यामुळे सगळी खोली पाळण्यात घातल्यासारखी सावकाश झुलायची. बारकी शिकलेली, सुरेल. तिने सूर अगदी बरोबर लावला होता.

"ही तू आहेस," वहिनी म्हणाली. आवाज चढवून नाही, ओरडून नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तो कुठाय?"

बारकीने सांगितलं. पाठीला पाठ होती म्हणून सांगता आलं. साफ करायला लावलं ते, सगळंच लावलं ते, परत येऊन बघितलं ते, दुरुस्तीवाले, कलादालनवाल्या बाई, सगळं. सांगता सांगता ती हमसून हमसून रडायला लागली. "मी मारला गं त्याला दुसऱ्यांदा. मला मार, वहिनी. काहीतरी कर."

वहिनीने काही केलं नाही. मग तिने विचारलं, "नमुना कुठला दिलास?"

बारकी रडायची थांबली. एवढी एकच गोष्ट तिने सांगितली नव्हती, आणि मेली तरी सांगणार नव्हती.

"असाच. कुठलातरी."

"कुठला?"

"आठवत नाही आता. माझीच अक्कल. घाईत होते."

"मी सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. "तू फोन केलास. मी कॉरिडॉरमध्ये होते. रिकामी खोली घे म्हटलं. त्यात काही नाही म्हटलं."

"नाही वहिनी! तू असं काही म्हणाली नव्हतीस. शप्पथ."

"बारके, माझं पोट कानावर चालतं. एक खोटं आत्ताच पकडलंय मी. दुसरं पकडायला लावू नकोस." ती उठली. इतक्या वेळाने तिने पहिल्यांदा कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं. "तो होता त्यात. एवढा मोठा माणूस. रोज तिथे बसलेला. आणि मी म्हटलं, त्यात काही नाही."

बारकीने तिचा हात धरायला हात पुढे केला. वहिनीने तो झिडकारला नाही, धरलाही नाही. कप उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली ते कितीतरी वेळ धूत राहिली.

त्यानंतर दोघी एका घरात राहिल्या, एका स्टुडिओत गेल्या, मीठ दे, किल्ली घे, इतपत बोलल्या. वहिनीने कामाच्या खोलीतला तो माइक गुंडाळून माळ्यावर टाकला. काम बंद झालं. वहिनी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली, आणि आता बारकीला माहीत होतं की ती कशासाठी कान देऊन पडलेली असते.

कलादालनाचं मात्र ठरलेलं होतं, ते झालं. वहिनी येणार नाही अशी बारकीची खात्री होती. पण ती आली, साधीच साडी नेसून. बाहेर लोक चहा पीत कौतुक करत होते. किती स्वच्छ काम, म्हणत होते. वहिनी त्यांच्यातून सरळ पुढे गेली. अंधाऱ्या खोलीत जाऊन बाकावर बसली आणि तिने हेडफोन लावले. बारकी तिच्या बाजूला उभी राहिली. दारातल्या उजेडात तिला बाकाशी लावलेल्या प्लेअरवरचं वहिनीचं बोट दिसत होतं. जिना सुरू व्हायच्या आधी जो रिकाम्या खोलीचा थोडासा तुकडा होता, तेवढाच वहिनी ऐकत होती. संपला की बोटाने परत मागे नेत होती. परत. परत. जिन्यापर्यंत ती एकदाही गेली नाही.

शेवटी कलादालनवाल्या बाई आत आल्या. भल्या होत्या बिचाऱ्या, हसतमुख. वहिनीजवळ वाकून म्हणाल्या, "मॅडम, एक विचारायचं होतं. सुरुवातीला तो जो रिकामा भाग आहे ना, लोक गोंधळतायत. त्यांना वाटतं हेडफोन बिघडलाय. तेवढा उडवला तर चालेल का? त्यात काही नाहीये तसं."

बारकी पुढे झाली. "नाही, अहो, तो..."

वहिनीने हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि बाकावर ठेवली.

"उडवा," ती म्हणाली. "मीही तेच म्हटलं होतं."

बाईंना अर्थातच काही कळलं नाही. थँक्यू म्हणून त्या घाईने आपल्या माणसांना सांगायला गेल्या. दोघी बाहेर पडल्या आणि मध्ये हातभर अंतर ठेवून घरी आल्या. खिडकी सकाळपासून उघडीच राहिली होती. बाहेर ट्रान्सफॉर्मर घूं करत होता, एका सुरात, सपाट. वहिनीने चप्पल काढायच्या आधी कामाच्या खोलीत जाऊन खिडकी लावून घेतली.